तपकिरी तसबिरींची परिभाषा

जुन्या छायाचित्राला ‘सेपिया’ म्हणण्याची रूढी आता मराठीतही चांगलीच रुळली असून, मोबाइलच्या ॲपमधील एक तयार छटा, लग्नपत्रिकेवर मुद्दाम छापलेला तपकिरी फोटो आणि देवघराशेजारी टांगलेली पणजोबांची तसबीर या सगळ्यांना तोच एक शब्द लावला जातो. प्रत्यक्षात छायाचित्राच्या कागदावरील तपकिरी रंग वेगवेगळ्या रासायनिक कारणांनी येतो. त्यांतील काही कारणे छायाचित्रकाराने हेतुपुरस्सर योजलेली असतात, काही त्या काळाच्या तंत्राचा स्वाभाविक परिणाम असतात, तर काही निव्वळ हयगयीची खूण असतात. हा फरक ओळखता आला तर कागदाचा काळ, तो तयार करणाऱ्याची पद्धत आणि त्याची पुढे झालेली निगा अशा तीन गोष्टी एकाच नजरेत वाचता येतात. ज्या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे आणि जेथील असंख्य कुटुंबांचा इतिहास कागदपत्रांपेक्षा तोंडी परंपरेत अधिक टिकून आहे, त्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तर घराघरांतील फोटो हे इतिहासाचे पहिल्या दर्जाचे साधन ठरते, आणि म्हणूनच त्याची परिभाषा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सेपिया हा मूळचा ग्रीक शब्द असून ते एका समुद्री प्राण्याचे नाव आहे. कोकण किनाऱ्यावर ज्यांना माकूळ म्हणतात त्या प्राण्यांपैकी ज्याच्या अंगात पांढरे, चपटे आणि हलके कवच असते, तो हा प्राणी होय. शहादा किंवा तळोदा येथील वाचकाने माकूळ कधी पाहिले नसेल, पण त्याचे ते आतले कवच काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेन’ या नावाने मिळते आणि आयुर्वेदात कानाच्या विकारांवर त्याचा उपयोग सांगितलेला आहे. धोका जाणवताच हा प्राणी पाण्यात गडद शाई सोडतो. त्या शाईतील रंगद्रव्य मेलॅनिन हे असून माणसाच्या केसांना आणि त्वचेला रंग येतो तोही याच जातीच्या द्रव्यामुळे. प्राचीन रोमन लोकांना ही शाई ठाऊक होती, परंतु चित्रकलेत तिला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा जर्मनीतील ड्रेस्डेन येथील चित्रकार याकोब झायडेलमान याने तिच्यापासून दाट आणि टिकाऊ रंग तयार करण्याची रीत बसवली. त्यानंतर युरोपात एकाच तपकिरी रंगाच्या छटांनी काढलेल्या चित्रांना ‘सेपिया’ म्हणण्याचा प्रघात पडला आणि पुढे त्याच छटेची छायाचित्रे दिसू लागली तेव्हा चित्रकारांच्या जगातला हा शब्द छायाचित्रकारांनी उसना घेतला. छायाचित्राच्या कागदात माकुळाच्या शाईचा थेंबही नसतो, ही गोष्ट येथेच स्पष्ट केलेली बरी, कारण पुढचा सगळा तपकिरी रंग हा चांदीचा आहे.

फ्रान्समधील लुई दागेर याची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच एक प्रतिमा मिळे आणि तिची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडमधील हेन्री फॉक्स टॅलबट याने मात्र मिठाच्या द्रावणात भिजवून मग चांदीच्या क्षाराचा हात दिलेला साधा कागद वापरला, आणि निगेटिव्हवरून अनेक प्रती काढण्याचा मार्ग खुला केला. मुंबईत या नव्या विद्येचे स्वागत विलक्षण लवकर झाले. १८५४ साली मुंबईची छायाचित्रण संस्था स्थापन झाली, १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले, तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत गणले गेले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून या कलेतही नावाजले. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांत माणसांच्या आकृती एका ठिकाणी टिपून त्यांच्यामागे निराळीच पार्श्वभूमी जोडलेली आहे. छायाचित्र खोटे बोलत नाही असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात ठेवावे.

या काळातील बहुतेक सर्व प्रती ज्या कागदावर आहेत त्याला ‘अल्ब्युमेन कागद’ म्हणतात. अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. लुई-देझिरे ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच व्यापाऱ्याने १८५० साली ही रीत जाहीर केली. पातळ कागदावर मीठ मिसळलेल्या बलकाचा थर द्यायचा, तो वाळला की चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणावर तरंगत ठेवून प्रकाशाला संवेदनशील करायचा, मग काचेच्या निगेटिव्हखाली दाबून सरळ उन्हात ठेवायचा, असा तो क्रम होता. बलकाच्या थरामुळे कागदाला मंद चकाकी येई आणि बारीकसारीक तपशील उठून दिसे, म्हणून पुढची सुमारे चाळीस वर्षे जगभर याच कागदाची चलती होती. ज्या ड्रेस्डेनमध्ये माकुळाच्या शाईचा रंग सिद्ध झाला, तेच शहर पुढे अल्ब्युमेन कागदाच्या कारखान्यांचे मोठे केंद्र बनले आणि तेथे दिवसाला हजारो अंडी फोडली जात, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

अल्ब्युमेन प्रत जन्मतःच तपकिरी असते आणि तिचे कारण चांदीच्या कणांच्या आकारात आहे. उन्हात ठेवलेल्या कागदावर प्रतिमा कोणत्याही विकसक द्रावणाशिवाय, केवळ प्रकाशाच्या जोरावर, डोळ्यांदेखत उमटत जाते. अशा रीतीने सुटी झालेली चांदी अतिशय सूक्ष्म गोलसर कणांच्या रूपात असते. हे कण निळ्या बाजूचा प्रकाश अधिक शोषतात, त्यामुळे नजरेला लालसर तपकिरी रंग दिसतो. या तऱ्हेच्या कागदाला ‘प्रिंटिंग-आउट पेपर’ किंवा धंद्यातील संक्षेपाने ‘पी.ओ.पी.’ म्हणत. याउलट नंतर आलेल्या पद्धतीत कागदावर क्षणभर प्रकाश पाडून प्रतिमा विकसक द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, उठवली जाते. तेथे चांदीचे कण गुंतलेल्या तंतूंसारखे वाढतात, सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच शोषतात आणि प्रतिमा काळी-करडी दिसते. चांदी एकच, पण कणांची ठेवण बदलली की रंग बदलतो, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला जुन्या छायाचित्रांचे निम्मे शास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळी अल्ब्युमेन प्रत सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातूनही काढीत. चांदीच्या कणांवर सोन्याचा पातळ लेप बसला की विटकरी लाली जाऊन जांभळट तपकिरी, भारदस्त छटा येई आणि प्रतिमेचे आयुष्य वाढे. या क्रियेला ‘गोल्ड टोनिंग’ म्हणत. टोनिंग म्हणजे तयार प्रतिमेतील चांदीचेच रूपांतर करून किंवा तिच्यावर दुसऱ्या धातूचा लेप देऊन छटा बदलणे. ‘टिंटिंग’ ही क्रिया यापासून वेगळी आहे, कारण तिच्यात चांदीला हात न लावता कागद किंवा फिल्मच रंगवली जाते. टोनिंगमध्ये काळ्या जागा रंगीत होतात आणि पांढऱ्या जागा पांढऱ्याच राहतात, तर टिंटिंगमध्ये पांढऱ्या जागा रंगतात आणि काळ्या तशाच राहतात, एवढी एक खूण लक्षात ठेवली की दोहोंतला गोंधळ होत नाही.

मढवण्याच्या पद्धतीवरूनही काही नावे रूढ झाली. अल्ब्युमेन कागद पातळ असल्याने वळे, म्हणून प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवीत. पॅरिसमधील दिस्देरी याने १८५४ साली हक्क नोंदवलेला, भेटीच्या कार्डाच्या मापाचा छोटा फोटो ‘कार्त द व्हिझीत’ म्हणून जगभर गेला, आणि १८६०च्या दशकात आलेला त्याहून मोठा ‘कॅबिनेट’ फोटो इतका लोकप्रिय झाला की ‘कॅबिनेट साइझ’ हा शब्द आपल्याकडच्या स्टुडिओंत पुठ्ठा नाहीसा झाल्यावरही कित्येक वर्षे चालू राहिला. लोखंडी पत्र्यावरील ‘टिनटाइप’, काळे अस्तर लावलेल्या काचेवरील ‘ॲम्ब्रोटाइप’ आणि लोहक्षारांपासून मिळणारा निळा ‘सायनोटाइप’ हे आणखी काही प्रकार होत. यांतील शेवटच्याशी सामान्य माणसाचा संबंध इमारती आणि पुलांच्या निळ्या नकाशांमुळे, म्हणजे ‘ब्लू प्रिंट’मुळे आला.

१८७१ साली इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनच्या थरात चांदीचे क्षार बसवण्याची कल्पना मांडली. तिच्यातून कोरड्या काचा आणि पुढे जिलेटिनचे ब्रोमाइड कागद बाजारात आले, उन्हावर विसंबण्याची गरज संपली, दिव्याच्या प्रकाशात प्रती निघू लागल्या आणि फोटो काळे-पांढरे झाले. मराठीत ज्याला आपण ‘कृष्णधवल’ म्हणतो तो जमाना खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. म्हणजे आधी कृष्णधवल आणि मग जुना होत होत तपकिरी, असा जो क्रम अनेकांच्या मनात असतो तो इतिहासाला धरून नाही. छायाचित्रण आधी तपकिरी होते आणि नंतर काळे-पांढरे झाले.

काळ्या-पांढऱ्या फोटोंची सवय होऊ लागल्यावर काही गिऱ्हाइकांना आणि कलावंतांना जुनी उबदार छटा हवीशी वाटू लागली, आणि त्यातून जी क्रिया रूढ झाली तिलाच काटेकोर अर्थाने ‘सेपिया टोनिंग’ म्हटले पाहिजे. तिचा क्रम जवळून पाहण्यासारखा आहे. धुऊन स्वच्छ केलेला काळा-पांढरा फोटो प्रथम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड यांच्या पिवळ्या द्रावणात बुडवतात. हळूहळू करड्या छटा नाहीशा होतात, मग गडद सावल्या फिकट होतात, आणि काही मिनिटांत चेहऱ्याच्या जागी केवळ पिवळसर पुसट खुणा उरतात, कारण धातुरूप चांदीचे पुन्हा चांदीच्या ब्रोमाइडमध्ये रूपांतर झालेले असते. मग कागदातील पिवळेपणा जाईपर्यंत तो पाण्यात धुतात आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात सोडतात. लगेच, पाहता पाहता, संपूर्ण प्रतिमा गडद तपकिरी रंगात परत उमटते. हे काम अंधाऱ्या खोलीत करण्याची आवश्यकता नसते. उलट ते तिच्या बाहेर, मोकळ्या हवेत करावे असा दंडक होता, कारण या द्रावणातून कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, तो डोके दुखवतो आणि शेजारी ठेवलेले कोरे फोटोकागदही निकामी करतो.

या क्रियेत तयार होणारे द्रव्य म्हणजे चांदीचे सल्फाइड. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्रियांचे चांदीचे दागिने वापराविना पडून राहिले की काळे पडतात, तेव्हा त्यांच्यावर जो थर चढतो तो याच द्रव्याचा असतो. हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदीचे जे व्हायचे ते सेपिया टोन केलेल्या फोटोत आधीच होऊन गेलेले असते, म्हणून त्या फोटोला पुढे फारशी भीती उरत नाही. व्यवस्थित टोन केलेली प्रत साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीपेक्षा अधिक टिकते, ही गोष्ट सेपियाला जीर्णतेचे चिन्ह समजणाऱ्यांना अनपेक्षित वाटेल, पण ती पक्की आहे. हाताने रंगवायचे फोटोही बहुधा सेपियात टोन करून घेत, कारण काळ्या सावल्यांवर गालांचा गुलाबी किंवा शालूचा हिरवा रंग मळकट दिसे, तपकिरीवर तो खुले.

आता उरले तिसरे, म्हणजे दुखण्याचे तपकिरी. फोटो विकसित झाल्यावर न वापरली गेलेली चांदीची लवणे काढून टाकण्यासाठी तो ‘हायपो’त, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात घालतात. चांदीची लवणे विरघळवण्याचा हायपोचा गुण १८१९ साली जॉन हर्शेल याने नोंदवला होता, आणि छायाचित्र कायम करण्यासाठी तो सुचवलाही त्यानेच. मात्र हायपो स्वतः कागदातून पूर्ण धुऊन निघाला पाहिजे. घाईत, अपुऱ्या पाण्यात धुतलेल्या फोटोत तो मागे राहतो, कालांतराने त्याचे विघटन होते आणि त्यातील गंधक चांदीवर हल्ला करते. परिणामी कडा आणि फिकट भाग आधी पिवळे पडतात, मग तपशील उडतो, आणि शेवटी डोळे, नाक, मिशा एवढेच कसेबसे ओळखू येतात. या ऱ्हासाला उष्णता आणि दमटपणा यांची जोड मिळाली की तो झपाट्याने वाढतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे नेणाऱ्या आणि पावसाळ्यात भिंती ओलावणाऱ्या तापीकाठच्या हवेत, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या खोलीत, जो फोटो पन्नास-साठ वर्षे टिकला तो धुणाऱ्याने आपले काम चोख केले होते असेच समजावे.

घरातील तसबीर या तिहींपैकी कोणती हे ठरवण्यासाठी एखादे साधे भिंग आणि खिडकीतला उजेड पुरतो. कागद पातळ असून पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल, पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी असेल, थरातून कागदाचे तंतू दिसत असतील आणि सावल्या जांभळट तपकिरी असतील, तर ती प्रत बहुधा अल्ब्युमेनची आणि म्हणून १९०० पूर्वीची किंवा त्या सुमाराची. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, कागदाचे तंतू झाकलेले असतील आणि फोटो तिरपा धरल्यावर गडद भागांच्या कडेला निळसर आरशासारखी झाक दिसत असेल, तर ती जिलेटिनची प्रत, कारण ती झाक म्हणजे पृष्ठभागावर येऊन बसलेली चांदी. जिलेटिनच्या प्रतीत तपकिरी रंग सर्वत्र एकसारखा आणि तपशील शाबूत असेल तर टोनिंग केलेले आहे. रंग डागाडागांनी, कडेकडेने फिकट होत गेला असेल तर तो ऱ्हास आहे. भिंगाखाली रांगेत मांडलेले ठिपके दिसले तर मात्र तो फोटोच नव्हे, ‘ब्लॉक’ करून तपकिरी शाईने छापलेले चित्र आहे. १९७० किंवा १९८०च्या दशकातील रंगीत फोटो जे लालसर-किरमिजी दिसतात, त्यांचा चांदीशी काही संबंध उरलेला नसतो. त्यांत तीन रंगद्रव्ये असतात आणि त्यांतील निळसर द्रव्य आधी उडाल्याने बाकीच्यांचा रंग पुढे येतो.

ही ओळख नंदुरबारच्या बाबतीत विशेष उपयोगाची आहे. हा प्रदेश ब्रिटिश काळात खानदेश जिल्ह्यात, १९०६च्या विभाजनानंतर पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात होता आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नंदुरबारपर्यंत पोहोचली, आणि शहरी सुखसोयींबरोबर स्टुडिओतील फोटो सर्वसामान्य घरांत येण्यास त्यानंतरचाच काळ अनुकूल होता. म्हणजे या भागातील कौटुंबिक फोटोंचा मोठा भाग जिलेटिन कागदाच्या काळातला, स्वभावतः काळा-करडा असणार हे उघड आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे विद्यार्थी हुतात्मा झाले. २८ डिसेंबर १९२६ रोजी जन्मलेल्या शिरीषकुमारने सोळावे वर्षही पुरे केले नव्हते. तो काळ ब्रोमाइड कागदाचा होता. त्या पिढीचे चेहरे फलकांवर आणि समाजमाध्यमांवर सरसकट तपकिरी करून दाखवले की ते एकोणिसाव्या शतकातले भासू लागतात, आणि ज्यांना ओळखणारी माणसे काल-परवापर्यंत गावात होती ते नाहक शंभर वर्षे मागे ढकलले जातात.

याहून गंभीर गोष्ट आदिवासींच्या छायाचित्रांची. केय आणि फोर्ब्स वॉटसन यांनी १८६८ ते १८७५ या काळात भारतातील जातीजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड सरकारसाठी संपादित केले. त्यांतील प्रती अल्ब्युमेनच्या असल्याने तपकिरी आहेत, आणि त्यांत माणसाची नोंद व्यक्ती म्हणून कमी व ‘नमुना’ म्हणून अधिक आहे. आजच्या धडगाव किंवा अक्कलकुव्यातील माणसाचा कालपरवा काढलेला रंगीत फोटो सेपिया करून मांडणे म्हणजे त्याला नकळत त्या खंडांच्या रांगेत नेऊन बसवणे होय, आणि ही सवय सोडली पाहिजे. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. मणिबेलीसारख्या गावांचे नर्मदाकाठचे रूप आता ज्या फोटोंत उरले आहे ते १९८० आणि १९९०च्या दशकांतले आहेत. त्यांतील झाडांचा, घरांच्या कुडांचा, कपड्यांचा रंग हीसुद्धा माहिती आहे, आणि तपकिरी छटा चढवल्याने ती पुसली जाते.

राहिला प्रश्न निगेचा. नंदुरबारची प्रसिद्ध मिरची पथारीवर उन्हात वाळवल्यानेच टिकाऊ होते, फोटोचे मात्र नेमके उलटे आहे. त्याला ऊन, ओल आणि धूर या तिन्ही गोष्टींपासून दूर ठेवावे लागते. फोटो काचेला थेट चिकटू देऊ नये, मधे पुठ्ठ्याची चौकट असावी. चिकट पानांचे अल्बम, सेलोटेप आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे, कारण त्यांतला चिकटद्रव फोटोत मुरतो आणि पुन्हा निघत नाही. फोटो हाताळताना कडेने धरावा, बोटांचे ठसे चांदीवर कायमचे उमटतात. स्कॅन करताना फोटो काळा-पांढरा दिसत असला तरी रंगीत स्कॅन करावे, म्हणजे कागदाची आणि छटेची साक्ष शाबूत राहील. कोणतीही सुधारणा करायची असेल तर ती मूळ स्कॅनच्या दुसऱ्या प्रतीवर करावी. मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. घरातील वडीलधारी मंडळी हयात असतानाच त्यांच्यासमोर बसून प्रत्येक फोटोतील माणसांची नावे, गाव, पाडा आणि अंदाजे वर्ष वाचकांनी लिहून घ्यावे, कारण कागदाचा काळ तज्ज्ञ उद्या सांगू शकेल, पण फोटोत कोण उभे आहे हे त्याला सांगता येणार नाही.